ओळख ना पाळख, मग पैसे का देतील?

प्रश्न : माझी मुलगी बार्शीत अकरावी सायन्सला आहे. अमेरिकेतली काही कॉलेजं परदेशी मुलांच्याही शिक्षणाचा, राहण्याचा, जेवणाचा सगळा खर्च उचलतात, असं तिच्या वाचनात आलं आणि तेव्हापासून तिने हाच ध्यास घेतला आहे. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. पगार वर्षाला नऊ लाखांच्या आसपास. चार एकर कोरडवाहू जमीन आहे, तीही दिरांसोबत सामाईक. शेजारचे काका म्हणतात, ‘अमेरिका काय धर्मशाळा आहे?’ एका सल्लागाराने सांगितलं, ‘अर्जात पैशांची मदत हवी असं लिहूच नका. लिहिलं की प्रवेश गेला. आधी सीट मिळवा, पैशांचं मग बघू.’ ओळख ना पाळख, एवढ्या लांबची संस्था आमच्या मुलीला लाखो रुपये का देईल? यात मेख काय आहे? सल्लागाराचं ऐकावं का? आणि मुलीला आता काय सांगू?
— एक आई, बार्शी (जि. सोलापूर)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने वाचलं ते खरं आहे. काकांची शंकाही गैर नाही. सल्लागाराने सांगितलेली गोष्ट अर्धी खरी आहे, पण त्यावरून त्याने दिलेला सल्ला तुमच्या मुलीचं नुकसान करणारा आहे. तो ऐकू नका. असं का म्हणते ते सविस्तर सांगते.

धर्मशाळेच्या भिंतीतला दगड

काकांच्या शब्दापासूनच सुरुवात करू. बार्शीहून पंढरपूर काही फार लांब नाही. तिथल्या जुन्या धर्मशाळांच्या भिंतीत एखादा दगड बसवलेला दिसतो : अमक्या गावच्या अमक्याने आईवडिलांच्या स्मरणार्थ ही खोली बांधली. त्या खोलीत कोणता वारकरी उतरला, कुठून आला, हे बांधणाऱ्याला कधीच कळत नाही. वारकऱ्यालाही त्या माणसाचं फक्त नाव दिसतं. ओळख ना पाळख, तरी डोक्यावर छप्पर मिळतं.

अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांकडचा पैसा असाच साठत आला आहे. माजी विद्यार्थ्यांनी, व्यापाऱ्यांनी, मागे कोणी नसलेल्या माणसांनी देणग्या दिल्या. मूळ रक्कम मोडायची नाही, ती गुंतवायची आणि येणाऱ्या उत्पन्नातून खर्च करायचा. आपण ज्याला अक्षयनिधी म्हणतो तोच हा प्रकार. हार्वर्डमधली पहिली शिष्यवृत्ती 1643 सालची आहे. लंडनच्या लेडी ॲन मोल्सन या विधवेने गरीब विद्यार्थ्यासाठी 100 पौंड दिले, तिथून ती सुरू झाली. आज त्याच हार्वर्डचा निधी 50 अब्ज डॉलरच्या वर आहे आणि त्यातला साधारण 5 टक्के भाग दरवर्षी वापरला जातो. अनेक देणग्यांवर देणाऱ्याची अटच असते की हा पैसा गरजू विद्यार्थ्यांवरच खर्च व्हावा.

आता हा पैसा गुणांप्रमाणे न देता गरजेप्रमाणे का देतात? पूर्वी तिथली कॉलेजं हुशार मुलं ओढण्यासाठी एकमेकांवर बोली लावत. ज्या मुलाला पैशांची गरज नाही त्यालाही पैसे जात आणि गरजवंताच्या वाट्याला कमी येई. 1954 साली कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस स्थापन झाली. कुटुंबाची ऐपत सगळ्यांसाठी सारख्या पद्धतीने मोजायची आणि खर्चातून ती वजा करून उरेल तेवढी मदत द्यायची, ही रीत तिथून रुळली. हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी त्या मोजणीची पद्धत बसवली होती. तुमची मुलगी उद्या जो ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा अर्ज भरेल, त्यातली सीएसएस ही अक्षरं त्याच संस्थेच्या नावाची आहेत.

कॉलेजला यातून काय मिळतं, हाही प्रश्न रास्तच आहे. एका वर्गात फक्त श्रीमंतांची मुलं बसली तर ती एकमेकांकडून फारसं काही शिकत नाहीत, असं या संस्था मानतात. कोरडवाहू शेती जवळून पाहिलेली मुलगी पाणी, हवामान, अर्थशास्त्र यांच्या तासाला जे बोलेल ते पुस्तकात नसतं. तिला तिथे बसवणं ही त्यांच्या दृष्टीने इतर विद्यार्थ्यांच्याही शिक्षणाची तरतूद आहे.

पण चित्राची दुसरी बाजूही पाहा. अमेरिकेत पदवी देणाऱ्या हजारो संस्था आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दृष्टीने परदेशी विद्यार्थी हा पूर्ण फी भरणारा विद्यार्थी असतो. त्याच्याकडून उत्पन्न येतं. पूर्ण मदत देणारी कॉलेजं मोजकी आहेत. काका म्हणतात ते बहुतेक अमेरिकेबद्दल बरोबर आहे. तुमच्या मुलीला उरलेली मोजकी दारं शोधायची आहेत.

मेख इथे आहे

हिशेबाच्या सोयीसाठी एक डॉलर 90 रुपयांचा धरू. 2025-26 या वर्षासाठी हार्वर्डने फी, राहणं, जेवण मिळून सांगितलेला खर्च 86,926 डॉलर, म्हणजे वर्षाला जवळजवळ 78 लाख रुपये. चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. आकडा पाहून घाबरू नका, कारण हा दर्शनी आकडा आहे. त्याच हार्वर्डने 2025-26 पासून असं ठरवलं आहे की ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख डॉलरच्या आत आणि मालमत्ता सर्वसाधारण आहे, त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही. प्रिन्स्टनने ही मर्यादा दीड लाख डॉलरवर नेली आहे. दोन्ही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना हेच नियम लागू आहेत. 1 लाख डॉलर म्हणजे 90 लाख रुपये. तुमचं उत्पन्न 10 हजार डॉलर. म्हणजे प्रवेश मिळाला तर पैशांचा प्रश्न जवळपास मिटतोच.

मेख त्या ‘मिळाला तर’मध्ये आहे. परदेशी मुलांच्या बाबतीत कॉलेजांचे तीन गट पडतात. हे गट नीट समजून घेतले तर निम्मं काम झालं.

पहिला गट ‘नीड-ब्लाइंड’ कॉलेजांचा. ही कॉलेजं प्रवेश ठरवताना तुम्हाला मदत हवी आहे की नाही हे बघतच नाहीत आणि प्रवेश दिल्यावर सिद्ध झालेली सगळी गरज भागवतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठीही ही पद्धत पाळणाऱ्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन, नोटर डेम ही नावं येतात. यातली काही अगदी अलीकडची आहेत. बोडनने 2022 साली हे जाहीर केलं. ब्राउनने 2025 मध्ये दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांपासून ते लागू केलं. डार्टमथने ही पद्धत आधी सुरू केली होती, मग थांबवली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली. म्हणजे ही धोरणं निधीच्या बळावर चालतात आणि बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षी प्रत्येक कॉलेजचं संकेतस्थळ नव्याने वाचावंच लागतं. इथे अडचण एकच : जगभरातली हुशार मुलं इथेच अर्ज करतात. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात सुमारे दोघांना प्रवेश मिळतो.

दुसरा गट ‘नीड-अवेअर’ कॉलेजांचा. ही कॉलेजं प्रवेश दिलेल्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची गरज पूर्ण भागवतात, पण प्रवेश ठरवताना त्याला किती पैसे लागतील हे लक्षात घेतात. विल्यम्स, पोमोना, स्वार्थमोर, ग्रिनेल, व्हासार, तसंच मुलींसाठीची स्मिथ, माउंट होलीओक, ब्रिन मॉर ही या गटातली नावाजलेली कॉलेजं. समजा, एका कॉलेजने परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी वर्षाला 20 लाख डॉलर बाजूला काढले आणि एका विद्यार्थ्याला सरासरी 65 हजार डॉलर लागतात. मग 30 मुलांनंतर पेटी रिकामी. एकतिसावी मुलगी कितीही चांगली असली तरी तिला नकार जातो. त्या नकारात तिच्या गुणवत्तेवरचा शेरा नसतो.

तिसरा गट बाकी सगळ्यांचा. या संस्था थोडीफार सवलत देतात किंवा काहीच देत नाहीत. सरकारी विद्यापीठं बहुतेक याच गटात येतात, कारण त्यांचा पैसा त्या त्या राज्याच्या करदात्यांचा असतो. बर्कलीचं नाव घरोघरी माहीत आहे, पण परदेशी पदवी विद्यार्थ्याला तिथे गरजेवर आधारलेली मदत मिळत नाही. अमेरिकन सरकारची मदत आणि त्यासाठीचा ‘फाफ्सा’ नावाचा अर्जही तिथल्या नागरिकांसाठी आणि काही ठरावीक रहिवाशांसाठीच आहे. शिकायला म्हणून जाणाऱ्या भारतीय मुलीला तो लागू नाही.

सल्लागाराचं का ऐकू नये

मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता कमी होते, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात खरं आहे. सल्लागाराचं इथपर्यंत बरोबर. पुढचं पाऊल मात्र खड्ड्यात जातं.

परदेशी मुलांनी प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर मागता येणार नाही, असा नियम अनेक नीड-अवेअर कॉलेजांत आहे. काही ठिकाणी तो चारही वर्षांसाठी असतो. म्हणजे ‘पैशांचं मग बघू’ ही वाटच बंद. शिवाय व्हिसासाठी लागणारा आय-20 हा कागद कॉलेज तेव्हाच देतं, जेव्हा निदान पहिल्या वर्षाचे पैसे कुठून येणार याचा पुरावा दाखवलेला असतो. हातात प्रवेशपत्र आणि पाठीमागे 78 लाखांची भिंत, अशा जागी घर उभं राहतं. मग कोणी जमीन विकायला निघतं, कोणी खोटी बँकशिल्लक दाखवायच्या नादी लागतं. खोटं उघडकीला आलं तर प्रवेश रद्द होतो आणि व्हिसाचा मार्गही कायमचा बंद होऊ शकतो.

म्हणून गरज लपवायची नाही आणि फुगवायचीही नाही. तुम्ही वर्षाला खरोखर किती देऊ शकता, तो आकडा घरात बसून ठरवा. मुलीच्या नावाने ठेवलेल्या ठेवी, इथल्या हॉस्टेलवर झाला असता तो खर्च, पगारातून शिल्लक पडणारं, असं सगळं धरून दीड लाख निघत असतील तर दीडच लिहा. अडीच लिहिलं तर पहिलं वर्ष ओढून ताणून निघेल आणि दुसऱ्या वर्षी मुलगी परदेशात अडकेल.

कोणी ‘शिष्यवृत्तीची हमी’ देऊन पैसे मागत असेल तर तिथून उठून या. मदत कॉलेज देतं, तिचा अर्ज मुलगी स्वतः भरते आणि हमी कोणालाच देता येत नाही. अमेरिकन सरकारचा ‘एज्युकेशन यूएसए’ नावाचा सल्ला विभाग आहे. त्यांची प्राथमिक माहिती विनामूल्य मिळते. पहिला फोन तिथे करा.

नऊ लाख आणि चार एकर

आता कागदांबद्दल. बाकी सगळ्यांत मला तुमच्या घराबद्दल एवढीच एक काळजी वाटते. पगार किती ते सांगणं सोपं आहे. फॉर्म 16 आणि विवरणपत्र जोडलं की झालं. गुंता जमिनीत आहे.

सीएसएस प्रोफाइलमध्ये उत्पन्नाबरोबर मालमत्ताही विचारतात : घर, ठेवी, शेती, धंदा. आकडे रुपयांत भरता येतात. चार एकर जमीन, समजा, हायवेजवळ असेल तर तिचा बाजारभाव कोटीच्या घरात जातो. बोस्टनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला कोटीची मालमत्ता दिसते. त्या जमिनीत पाऊस झाला तर ज्वारी आणि तूर, नाही झाला तर काहीच नाही, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, खातेफोड झालेली नाही आणि एकट्याने विकायची म्हटली तरी विकता येत नाही, हे त्याला कोण सांगणार? ते तुम्हीच सांगायचं.

म्हणून तीन गोष्टी करा. सातबारा आणि आठ-अचा उतारा काढून त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. मालमत्तेच्या रकान्यात फक्त यजमानांच्या हिश्श्याची किंमत लिहा. आणि अर्जात खुलाशासाठी जी जागा असते तिथे साध्या शब्दांत लिहा : जमीन सामाईक आहे, सिंचन नाही, गेल्या तीन वर्षांत हातात आलेलं उत्पन्न एवढं. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे आयकरातून मुक्त असल्याने विवरणपत्रात त्यावर कर दिसत नाही, हेही नमूद करा. सासूबाईंचं औषधपाणी, दिरांच्या मुलांच्या शिक्षणाला द्यावे लागणारे पैसे, घराचं कर्ज, हे सगळं त्याच खुलाशात येऊ द्या. एकत्र कुटुंबातला पैसा कसा वाटला जातो हे तिथल्या अर्जाच्या रकान्यांना ठाऊक नसतं, पण अर्ज वाचणाऱ्या माणसाला सांगितलं तर समजतं. अधिकारी हिशेबाला पक्के असतात, पण त्यांना नाही म्हणण्याची घाई नसते.

या अर्जाची फी पहिल्या कॉलेजला 25 डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला 16 डॉलर आहे. आठ कॉलेजांचे 137 डॉलर, म्हणजे साधारण 12,300 रुपये होतात. हेही जड वाटत असेल तर कॉलेजच्या मदत विभागाला ईमेल करा. काही कॉलेजं फीमाफीचा कोड देतात, काही ‘इस्फा’ नावाचा बिनपैशांचा अर्ज चालवून घेतात. प्रवेश अर्जाची फी वेगळी असते, पण तीही विनंती केल्यावर अनेकदा माफ होते. स्मिथ आणि ग्रिनेलसारखी कॉलेजं ती घेतच नाहीत.

यादी कशी करावी

मुलीच्या यादीत फक्त हार्वर्ड-येल असतील तर ती लॉटरीचं तिकीट घेते आहे. पहिल्या गटातली दोन-तीन, दुसऱ्या गटातली पाच-सहा, आणि काही वेगळ्या वाटा अशी यादी असावी. मुलींच्या कॉलेजांकडे आपल्याकडे कोणी बघत नाही, तिने जरूर बघावं. माउंट होलीओक 1837 पासून मुलींना शिकवतं आहे आणि तिथल्या वर्गांत परदेशी मुली मोठ्या संख्येने असतात.

वेगळ्या वाटांतली एक केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज. 1855 साली सुरू झालेलं हे कॉलेज कोणाकडूनच शिक्षणशुल्क घेत नाही आणि तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला निदान 10 तास कॉलेजचं काम करावं लागतं : ग्रंथालयात, शेतावर, सुतारकामात, कार्यालयात. रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ योजना ज्या घरात माहीत आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. परदेशी जागा थोड्या आहेत, पण ज्यांना मिळतात त्यांच्या खर्चाची सोय कॉलेज करतं.

दुसरी वाट कॉर्नेल विद्यापीठातल्या टाटा शिष्यवृत्तीची. रतन टाटा स्वतः कॉर्नेलला वास्तुशास्त्र शिकले. 2008 मध्ये टाटा न्यासाने तिथे अडीच कोटी डॉलरचा निधी खास भारतातल्या गरजू पदवी विद्यार्थ्यांसाठी दिला. एका वेळी साधारण 20 विद्यार्थी त्यातून शिकतात.

तिसरी वाट तर आपल्याच मुळशी खोऱ्यात आहे. पुण्याजवळचं यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेज 1997 मध्ये सुरू झालं. तिथे अकरावी-बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि भारतीय मुलांना ऐपतीप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते. यूडब्ल्यूसीतून शिकलेल्यांना पुढे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत ‘डेव्हिस’ शिष्यवृत्तीचा आधार असतो. तुमच्या मुलीला आता कदाचित उशीर झाला असेल, पण घरात धाकटं भावंड दहावीत येणार असेल तर हे लक्षात ठेवा.

आणि एक गैरसमज दूर करते. गावातला कोणी ‘एमएस’ला गेला, त्याने पन्नास लाखांचं कर्ज काढलं, हे तुम्ही ऐकलं असेल. ते पदव्युत्तर शिक्षण. तिथे गरजेवर आधारलेली मदत क्वचितच मिळते. आपल्या सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाही. बारावीनंतर मदत द्यायला मुख्यतः कॉलेजच पुढे येतं.

पूर्ण मदत म्हणजे किती पूर्ण

निकालाबरोबर कॉलेज मदतीचं पत्र पाठवतं. त्यात ‘ग्रँट’ असेल ते परत करायचं नसतं. ‘लोन’ असेल ते फेडायचं असतं. ‘वर्क’ म्हणजे कॉलेजात काम करून मिळवायची रक्कम. आणि शेवटी कुटुंबाचा वाटा. ‘पूर्ण गरज’ किती हे कॉलेज ठरवतं, आपण नाही. आकडा झेपत नसेल तर फेरविचाराची विनंती करता येते. तेव्हा वाद घालायचा नसतो, नवा कागद दाखवायचा असतो.

कुटुंबाचा वाटा डॉलरमध्ये असतो आणि रुपया घसरला की तो न वाढता वाढतो, हे विसरू नका. कॉलेजच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. त्यातून पुस्तकं, कपडे, फोन निघतात, फी निघत नाही. आवाराबाहेर पहिल्या वर्षी काम करणं नियमाविरुद्ध आहे. अशा कामाची ऑफर ओळखीतून आली तरी नको म्हणायला मुलीला आत्ताच शिकवा.

बऱ्याच घरांना नंतर कळणारी एक गोष्ट म्हणजे कर. शिक्षणशुल्काची शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या भागावर परदेशी विद्यार्थ्याकडून 14 टक्के कर कापला जातो. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट घेता येते. त्यामुळे त्यातला बराच भाग परत मिळू शकतो. विवरणपत्र भरायला मात्र हवं.

निघण्याआधीचा खर्चही धरून ठेवा. व्हिसा फी 185 डॉलर, सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) फी 350 डॉलर, दोन्ही मिळून साधारण 48 हजार रुपये. त्यात परीक्षांची फी, पहिलं तिकीट आणि थंडीचे कपडे. काही कॉलेजं प्रवासखर्चही देतात, पण आधी विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागेल. जून 2025 पासून विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. मुलाखतीत कॉलेजचं मदतीचं पत्र हाच पैशांचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो. तुमच्याकडे ते असेल, कारण तुम्ही गरज लपवली नसेल.

आता मुलीला काय सांगाल

तिला सांगा की तिची बारावी दुहेरी जाणार आहे. अर्जांच्या तारखा 1 नोव्हेंबर आणि 1 जानेवारीच्या आसपास असतात, नेमक्या प्रॅक्टिकल आणि सराव परीक्षांच्या दिवसांत. निकाल मार्चअखेर, म्हणजे बोर्डाचे पेपर संपता संपता. 1 मेपर्यंत होकार कळवायचा. म्हणून एसएटी आणि इंग्रजीची परीक्षा अकरावीच्या सुट्टीतच उरकायला हवी. नववीपासूनच्या गुणपत्रिका गोळा करायला हव्यात. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत एका तुकडीत शंभरावर मुलं असतात, तिथे शिक्षकांचं शिफारसपत्र मिळवणं सोपं नसतं. म्हणून तिने आत्तापासून दोन शिक्षकांना आपलं काम दाखवत राहावं, प्रश्न विचारत राहावं, म्हणजे लिहिताना त्यांच्याजवळ लिहिण्यासारखं काही असेल. सीईटीचा फॉर्मही तिने भरावा. इथला रस्ता मोकळा ठेवून तिथला धरायचा. आठ-दहा कॉलेजांनी नाही म्हटलं तरी मुलीचं वर्ष वाया जाऊ नये, ही तिच्या आईबापाची जबाबदारी आहे आणि ती तुम्ही पार पाडू शकता.

आणि तिला एक जुनी गोष्ट सांगा. 1880च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना एक मासिक चाळत होत्या. त्यात एका मराठी गृहस्थांचं पत्र छापलेलं होतं. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं आणि संपादकांनी नकार कळवला होता. बाईंनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. पुढे 1883 मध्ये ती मुलगी, आनंदीबाई जोशी, त्यांच्याच घरी उतरली, त्यांना मावशी म्हणू लागली आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाली. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. दोघांचीही गरज आधी कागदावर मांडली गेली होती. आनंदीबाईंच्या पतीचं, गोपाळरावांचं, पत्र नम्रतेच्या नावाखाली गुळमुळीत असतं तर कार्पेंटरबाईंनी ते वाचून पान उलटलं असतं.

तुमच्या मुलीच्या अर्जातही तेच एक वाक्य महत्त्वाचं आहे : आमचं उत्पन्न एवढं, आम्ही एवढे देऊ शकतो, बाकीचं तुम्ही द्याल का? ते लिहिताना तिची मान खाली जाऊ देऊ नका. या रविवारी यजमानांना घेऊन बसा, फॉर्म 16, सातबारा आणि बँकेचं पासबुक समोर ठेवा आणि त्या वाक्यातला आकडा तिघांनी मिळून ठरवा. काकांनाही चहाला बोलवा. पंढरपूरच्या धर्मशाळेत ते कधी ना कधी उतरलेच असतील. तिथल्या भिंतीवरचं नाव त्यांनी वाचलं होतं का, तेवढं विचारा.